थर्मोकोलची बावडी आणि सात खडे

शाळेतून आलेल्या चिठ्ठीवर दोन रिकाम्या रेघा होत्या. एकीवर मॉडेलचं नाव लिहायचं, दुसरीवर ते करायला घरातल्या कोणी मदत केली त्याचं नाव. मदत करणाऱ्यानं शनिवारी प्रदर्शनात मुलाशेजारी उभं राहायचं आणि मॅडमच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, असं खाली छापलेलं होतं. माझी लेक तेव्हा चौथीत. घरी येईपर्यंत ई-रिक्षातच तिनं दोन्ही रेघा भरून टाकल्या होत्या. पहिलीवर बावडी, म्हणजे आपल्याकडची पायऱ्यांची विहीर. दुसरीवर पप्पा.

"अगं, पेनानं कशाला लिहिलंस?" मी म्हटलं.

"मॅम बोलली, पेन्सिल नहीं चलेगी. आणि मी क्लासमध्ये सगळ्यांना सांगितलंय, मेरे पापा सब बना लेते हैं."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "झालं. आता पळा कुठं पळताय ते."

तिला माहीत होतं. चार वर्षांत मी लेकीच्या शाळेचं फाटक एकदाही ओलांडलेलं नव्हतं. सोडायला जायचो, आणायला जायचो, पण स्कूटर कडुनिंबाखालीच. आतलं सगळं बायको बघायची, कारण ती बारावी झालेली आणि मी आठवीतून उठून आलेला. ॲडमिशनच्या वेळी आई-बाप दोघांना बोलावलं होतं, तेव्हा तिनं आत जाऊन सांगितलं, "वो गाँव गए हैं." मी समोरच्या रसाच्या गाडीवर मोसंबीचा दुसरा ग्लास पीत बसलो होतो. आत कोणी काय विचारेल, याची फार भीती होती असं नाही. एकाच प्रश्नाची होती. भाईसाहब, आप कहाँ तक पढ़े हैं? तो प्रश्न लेकीसमोर, तिच्या मैत्रिणींसमोर कोणी विचारला, तर तिच्या चेहऱ्याचं काय होईल, हे मला बघायचं नव्हतं.

गावाकडं आमच्या तालुक्यात गलाईचा धंदा. सोनारांकडची जुनी मोड, तुटलेले दागिने, भट्टीच्या आसपासची धूळसुद्धा घ्यायची, वितळवायची, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, घालायची आणि चोख सोनं-चांदी वेगळं करून द्यायचं. देशात कुठंही सराफबाजार असला की तिथल्या एखाद्या बोळात आमच्याकडचा माणूस भट्टी घेऊन बसलेला सापडतो. गावातले एक काका दिल्लीहून आले होते, त्यांच्या परतीच्या गाडीत एक जागा होती आणि माझी आठवीची परीक्षा पंधरा दिवसांवर होती. गाडी थांबणार नव्हती, म्हणून परीक्षा थांबली. ती अजून थांबलेलीच आहे. याचं दुःख करत बसावं असं आयुष्य मला मिळालं नाही. करोलबागेत खाली माझी स्वतःची भट्टी, वर दोन खोल्या, काकांनी हात धरून शिकवलेली विद्या. कोणाकोणाचे उपकार आठवायचे म्हटलं तर दिवस पुरणार नाही. पण शाळेचं फाटक दिसलं की स्कूटर कडुनिंबाखाली वळायची, ती वळायचीच.

विषय होता दिल्लीतली जुनी इमारत. वर्गात सात जणांनी लाल किल्ला घेतला होता, पाच जणांनी कुतुबमिनार. मी लेकीला विचारलं, "बावडीच का?"

"सब ऊपर जाने वाला बनवतायत. मी नीचे जाने वाला बनवणार."

ठरलं, बावडीच.

रविवारी आम्ही दोघं कस्तुरबा गांधी मार्गावर उतरलो. सरकारी इमारतींच्या मागच्या गल्लीत वळलं की भिंतीआड एकदम जमीन संपते आणि दगडी पायऱ्या खाली खाली जातात. दोन्ही बाजूंना कमानींचे मजले, टोकाला गोल विहीर, आणि पाण्याच्या जागी कबुतरं. लेक पायऱ्या मोजत उतरायला लागली. मध्येच एक जोडपं फोटो काढत बसलेलं, त्यांना वळसा घालताना आकडा चुकला, ती परत वर गेली. असं तीनदा झालं. मी वितीनं कमानी मोजत होतो. टेप काढून ठेवली होती, पण ती घरीच राहिली. एवढ्यात चौकीदार जवळ आला.

"भाईसाहब, खरीदनी है क्या?"

"नहीं जी, बच्ची के स्कूल का प्रोजेक्ट है."

"तो लाल किला बना देते. बाज़ार में बना-बनाया मिलता है."

तळाशी थोडा वेळ बसलो. गार वाटत होतं. आमच्याकडंही विहिरी अशाच कोरड्या पडायच्या. पण पाणी असायचं त्या दिवसांत आम्ही पोरं पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकायचो. काठाला शेंदूर लावलेले सात दगड होते. आधी त्यांना हात लावायचा, मग उडी. न शिवता उडी मारली तर आई काठी घेऊन यायची. दिल्लीत आल्यापासून मी विहिरीत उतरलो तो त्या रविवारीच.

थर्मोकोल विकत आणायचा नव्हता. शाळेची अट होती, टाकाऊतूनच करायचं. बाजारातल्या एसीच्या दुकानदारानं खोक्यांतले जाड तुकडे दिले, वर म्हणाला, और चाहिए तो और ले जाओ, मेरी जान छूटे. कापायला माझ्याकडं एक युक्ती होती. बारीक तार मेणबत्तीवर तापवायची आणि थर्मोकोलमधून ओढायची. लोण्यातून सुरी जावी तशी जाते. कमानीसाठी तीच तार वाकवून अर्धगोल केली. बुधवारपर्यंत दोन्ही बाजूंच्या भिंती उभ्या राहिल्या, गुरुवारी पायऱ्या बसल्या. खोटं कशाला बोलू, फार सरळ बसल्या होत्या. एक सूत इकडं नाही की तिकडं नाही.

आमच्या वरच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, हिंगोलीची एक मुलगी भाड्यानं राहते. कलेक्टर व्हायच्या परीक्षेचा तिचा तिसरा प्रयत्न चालू होता. मला दादा म्हणते, बायकोला वहिनी, लेक तिला ताई म्हणते. ती रोज दुपारी चहाला खाली यायची आणि बावड्यांवर बोलायची. कोणी बांधल्या, का बांधल्या, पाणी झिरपून कसं येतं, व्यापाऱ्यांचे तांडे कुठं उतरायचे. तिला सगळं ठाऊक. एकदा म्हणाली, "दादा, द्या, एक कमान मी कापते." तिनं कापलेली कमान आम्ही सगळ्यांनी फिरवून फिरवून पाहिली. नक्की कुठली बाजू वर, ते कळेना.

बायको म्हणाली, "कलेक्टरीणबाई, तार ठेवा खाली. तुम्ही फक्त उद्घाटनाला या."

आणखी एक सांगायचं राहिलं. कापताना थर्मोकोलचा चुरा उडतो. पांढरे गोळे घरभर, केसांत, आमटीत. आमच्या धंद्यात झाडलेली धूळ कधी फेकत नाहीत. त्या धुळीला आम्ही न्यारा म्हणतो. तिच्यात सोन्याचे कण असतात, ती साठवतात आणि वर्षाकाठी गाळतात. पंचवीस वर्षं हाताला तेच वळण. मी थर्मोकोलचा चुराही ब्रशनं गोळा करून बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवत होतो.

"अहो, हे सोनं नाही," बायको म्हणाली.

"राहू दे. लागतं कधी."

"कशाला लागतं? बर्फ पाडायचाय का दिल्लीत?"

शुक्रवारी रंग बाकी होता. लेक शाळेत, सकाळचे अकरा. मातकट दगडी रंग कुठून आणावा, या विचारात होतो. तेवढ्यात कूलरच्या मागं फवाऱ्याचा डबा दिसला. गेल्या उन्हाळ्यात कूलरच्या जाळीला लावलेला तपकिरी रंग, निम्मा शिल्लक. मनात म्हटलं, वा, देवानंच ठेवलाय. बावडी खालच्या दुकानात आणली, भट्टीपासून लांब फळीवर ठेवली, डबा खडखड हलवला आणि वरून खालपर्यंत छान फवारा मारला.

सुर्रर्र असा बारीक आवाज आला. मी आधी मागं वळून पाहिलं, कुणी भट्टी पेटवली की काय. भट्टी गार होती. मग पुढं पाहिलं. माझ्या पायऱ्या खाली बसत चालल्या होत्या. भिंतींना खळगे पडत होते, कमानी आत ओढल्यासारख्या वाकत होत्या. तळाची गोल विहीर तर दुधावरची साय आक्रसावी तशी आक्रसली. मी फुंकर मारली. तेही चुकलंच, रंग आणखी पसरला. सोनं वितळवायला मला केवढी आच लागते! लाल, मग पिवळी, मग डोळ्यांना सहन होत नाही अशी. आणि इथं ना जाळ, ना धूर, माझ्या हाताखाली बावडी विरघळून गेली.

बायको जिन्यावरून खाली आली. बघत उभी राहिली. मला वाटलं आता रागवेल. ती म्हणाली, "पंचवीस वर्षं गलाई करताय म्हणून घरातलं सगळंच गाळायचं का?"

तिच्या मागून ताई आली. वाकून वास घेतला. "दादा, ह्या रंगात थिनर असतो. थिनरनं थर्मोकोल विरघळतो."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"आधी विचारलंत का? तुम्ही तर मला कमानीलासुद्धा हात लावू देत नव्हता."

तिचं बरोबर होतं.

आता इथं एक गोष्ट लिहायला लाज वाटते, पण लिहितो. त्या वितळलेल्या पायऱ्यांकडं बघताना मनाच्या एका कोपऱ्यात मला हलकं वाटलं. मॉडेल नाही तर प्रदर्शन नाही. प्रदर्शन नाही तर उद्या शाळेत उभं राहायला नको. एवढंसंच, क्षणभर. मग लेकीचं ते वाक्य आठवलं, मेरे पापा सब बना लेते हैं, आणि मी स्कूटरची किल्ली शोधायला लागलो.

पहाडगंजात एका गल्लीत शाळेची तयार मॉडेलं मिळतात. दुकानात लाल किल्ले ओळीनं लावलेले, लहान, मध्यम, मोठे. कुतुबमिनारांचं तर जंगलच. फुंकर मारली की पंखा फिरणारी पवनचक्की, खालून दिवा लागणारा ज्वालामुखी.

"बावडी?" मी विचारलं.

दुकानदारानं चष्मा वर केला. "क्या?"

"बावडी. सीढ़ी वाला कुआँ."

"अरे भाईसाहब, बावडी कौन बनाता है? गड्ढा कोई खरीदेगा? लाल किला ले जाओ. टीचर कुछ नहीं बोलेगी, सब यही लाते हैं."

मी मधला लाल किल्ला हातात घेतला. हलका होता, नीटनेटका होता. पण चिठ्ठीवर पेनानं बावडी लिहिलेलं होतं. आणि खाली पप्पा. किल्ला नेला असता तर दुसरी रेघ खोटी ठरली असती. परत ठेवला. दुकानदार माझ्याकडं बघतच राहिला.

लेक दोनला आली. आम्ही तिघं मोठी माणसं, तोंडं पाडून ओळीनं उभे. तिनं दप्तर टाकलं, फळीजवळ गेली, भिंतीतल्या खळग्यांत बोट घातलं.

"पप्पा, हे तर असली पत्थर लगते. बावडीत सेम असेच होते ना?"

मी नीट पाहिलं. वरच्या भिंती खरंच तशा दिसत होत्या. खाल्लेल्या, झिजलेल्या, शेकडो पावसाळे बघितलेल्या. मी कापल्या होत्या त्या सरळ भिंती एखाद्या नव्या बँकेसारख्या दिसत होत्या, हे तेव्हा ध्यानात आलं.

मग तिचं बोट खाली गेलं. "पर सीढ़ी कुठं गेली?"

आणि रडायला लागली. पायऱ्यांसाठी. तीनदा वर जाऊन मोजलेल्या पायऱ्या.

बायकोनं तिला जवळ घेतलं आणि मला म्हणाली, "तुमचा तो बिस्किटाचा डबा कुठाय?"

चार दिवस त्या डब्यावरून तिनं मला चिडवलं होतं. पण डबा कुठं आहे, ते तिलाच पक्कं माहीत होतं. उत्तराची वाटसुद्धा न बघता फळीखालून तिनं तो काढला. मग गॅसवर कणकेची खळ शिजवली, आपल्याकडं पूर्वी पतंग चिकटवायला करायचो तशी. चुरा त्या खळीत कालवला, थोडा गोंद घातला. शेवयाच्या खिरीसारखं काहीतरी तयार झालं. लेकीनं डोळे पुसले आणि ते थापायला बसली. रद्दीच्या घड्यांवर एकेक पायरी. माझ्या पायऱ्या पट्टीनं आखलेल्या होत्या. तिच्या बसत होत्या तशा बसत होत्या. ताईला काम मिळालं ते गच्चीवर बावडी वाळत घालून राखण बसायचं, कारण आमच्या गच्चीवर माकडं येतात. ती पुस्तक वाचत बसली आणि मधून मधून "ए हट!" असं ओरडत होती. खाली बसून आम्हाला कळत नव्हतं की माकडाला ओरडतेय की पुस्तकाला.

पाचपर्यंत वाळली. मुलतानी मातीत चिमूटभर हळद आणि चहाचं पाणी घालून रंग केला. तो ब्रशनं लावायचा होता. फवाऱ्याचा डबा बायकोनं कुठं लपवला, ते मला आजवर माहीत नाही.

आणि मग माझ्या हातून एक झालं. ठरवून केलं नाही. रंग वाळत होता, मी गच्चीच्या कठड्याजवळ बसलो होतो, मनात एकच चाललेलं, आता परत काही नको व्हायला, उद्यापर्यंत टिकू दे. तुळशीच्या कुंडीतले बारीक खडे हाताला लागले. मोजून सात घेतले. बायकोच्या करंड्यातलं कुंकू बोटानं लावलं, आणि बावडीच्या काठाला गोंदानं ओळीनं बसवले. बसवून झाल्यावर कळलं, आपण काय केलं ते.

ताईनं पुस्तकातून मान वर केली. "दादा, दिल्लीच्या बावडीत आसरा कुठून आल्या?"

"विहीर आहे ना," मी म्हटलं.

लेक वाकून बघत होती. "ये क्या है? तिथं तर असं काही नव्हतं. मॅम मार्क्स काटेगी."

"काही नाही. राहू दे."

"पण मॅमनं विचारलं तर मी काय बोलू?"

"नाही विचारत."

तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण गोंद धरला होता, आणि खडे उपटायचं धाडस मला होईना. आणि सांगायचं तरी कसं? तिला विहीर म्हणजे कुआँ, आणि कुआँ म्हणजे पुस्तकातलं चित्र. म्हटलं, एवढ्या मुलांत, एवढ्या मॉडेलांत कोण बघतंय बारीक खडे.

शनिवारी सकाळी मी लिंबाच्या फोडीनं बोटं घासत होतो. तेजाबाचे डाग आहेत, पिवळट तपकिरी, नखांच्या कडेला पक्के बसलेले. लिंबानं ते जात नाहीत, बोटांना फक्त लोणच्याचा वास येतो. ताईनं मला उत्तर पाठ करून दिलं होतं. "जी, आठवीं तक, फिर काम में आ गया." जिन्यात म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "छान, पण थोडं हसा. पोलीस चौकीत दिल्यासारखं वाटतंय."

बायको म्हणाली, "विचारलं तर सांगायचं. चोरी केलीय का?"

ई-रिक्षात बावडी माझ्या मांडीवर होती. प्रत्येक खड्ड्याला मी श्वास धरत होतो. कडुनिंब आला, फाटक आलं. लेक पुढं, बावडी मध्ये, मी मागं. आत गेलो तेव्हा हातात बावडी होती म्हणून बरं झालं, नाहीतर हातांचं काय करावं ते सुचलं नसतं.

हॉलमध्ये टेबलांवर मिनारच मिनार. एकाचा मेट्रो स्टेशनचा देखावा, त्यात मोटरवर पळणारी गाडी, तिथं ही गर्दी. आमचं मॉडेल लांबून दिसतच नव्हतं. खोक्यासारखं बसकं. बघायचं तर जवळ येऊन आत वाकावं लागायचं. मी लेकीच्या शेजारी उभा राहिलो आणि मोकळे झालेले हात खिशात घातले.

मॅडम आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, चष्मा साखळीला. लेकीनं इंग्रजीत धडाधडा सांगितलं, मध्ये थोडं हिंदी. मला निम्मं कळलं, पण ती कुठं अडत नाही, एवढं कळलं. मॅडम वाकल्या. पायऱ्या बघितल्या, कमानी बघितल्या. मग त्यांचं बोट काठावर आलं.

"और बेटा, ये सात क्या हैं?"

लेकीनं खड्यांकडं बघितलं. आणि मग मान वळवून माझ्याकडं.

ती नजर मला अजून दिसते. त्यात राग नव्हता, लाजही नव्हती. पप्पाला माहीत असणार, एवढंच त्यात होतं.

"मैडम, वो ग़लती से लग गए," मी म्हटलं.

"ग़लती से पूरे सात?"

मागं कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. वाट बघत राहिल्या. मग मी सांगायला लागलो. हिंदी माझी बाजारातली, भट्टीवर शिकलेली. सांगितलं की आमच्या गावाकडं विहिरीच्या काठाला सात दगड असतात, त्यांना साती आसरा म्हणतात. पाण्यातल्या सात बहिणी. पाण्यात उतरायच्या आधी त्यांना हात लावायचा. त्या राखतात. दिल्लीच्या बावडीत नाहीत, मी बघून आलो होतो. पण काल हे मॉडेल माझ्या हातून वितळलं, परत केलं, आणि भीतीपोटी मी ते बसवले. मार्क कापायचे तर माझे कापा, मुलीचे नको.

मॅडमनी चष्मा काढला. "हमारे गाँव में बच्चा होने पर माँ कुआँ पूजने जाती है. हरियाणा में. पहले सिर्फ़ लड़के के लिए पूजते थे. मेरी माँ मेरे होने पर भी गई थी, पूरे गाँव से लड़कर." मग बोटानं एकेक खडा हलकेच शिवत गेल्या, सातही. "बेटा, लिखो यहाँ. लेबल लगाओ. जो चीज़ लगाई है उसका नाम होना चाहिए."

लेकीनं स्केचपेन काढला. "पप्पा, स्पेलिंग?"

"मराठीत लिही," मी म्हटलं. तिनं लिहिलं, साती आसरा, रेघ जरा तिरकी.

"और ये दीवार का पत्थर? इतना असली कैसे आया?" मॅडमनी विचारलं.

आता लेकीला कोण आवरणार? "मैम, पापा ने स्प्रे मारा तो सब गल गया! पापा का काम ही गलाने का है. सोना गलाते हैं!"

सगळा हॉल हसला असेल, मला तरी तसं वाटलं. आणि गंमत म्हणजे मीही हसत होतो. मेट्रोपाशी जमलेली चार-पाच मुलं इकडं आली. एकीनं विचारलं, अंकल, सोना सच में पिघलता है? दुसरीनं विचारलं, आपकी उँगली पीली क्यों है? तेव्हा लक्षात आलं की सांगण्याच्या भरात हात खिशातून कधीच बाहेर आले होते. मी बोटं पुढं केली आणि तेजाबाचं सांगितलं, ते सोन्याला का खात नाही, चांदीला आणि तांब्याला का खातं. घरी हात लावू नका, असं तीनदा बजावलं. एका पोरीनं वास घेतला आणि म्हणाली, "अचार जैसा है."

पहिलं बक्षीस मेट्रोला गेलं. मिळायलाच हवं होतं, गाडी खरंच पळत होती. आम्हाला कार्डावर मॅडमच्या हातचा एक चांगला शेरा मिळाला. तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. पाठ केलेलं उत्तर तोंडातच राहिलं. ताईला सांगितलं तर म्हणाली, "वाया गेलं का दादा? मला द्या, मुलाखतीला वापरते."

बावडी शाळेनं वर्गातल्या कपाटावर ठेवून घेतली. परत येताना ई-रिक्षात लेकीनं विचारलं, त्या सात बहिणींची नावं काय. मला सगळी येत नव्हती. तिथूनच गावाला फोन लावला. आईनं चार सांगितली, मग शेजारणीला हाक मारली, मग दोघींचं पाचवीवरून वाजलं. आम्ही घरी पोचलो तरी त्यांचं ठरलं नव्हतं.

महिन्याभरानं शाळेची आणखी एक चिठ्ठी आली, पालकसभेची. येणाऱ्या पालकाचं नाव, एक रेघ, रिकामी. लेकीनं ती माझ्यासमोर भट्टीच्या फळीवर ठेवली आणि वर पेन ठेवलं.

"या वेळी तू लिही. माझं लिहिलेलं तुला चालत नाही."

मी हात पुसले, सावकाश नाव लिहिलं, टोपण लावलं. बायकोनं चिठ्ठी उचलून उजेडात धरली.

"अक्षर बघा की. आठवी नापासाचं वाटत नाही."

"नापास कुठं झालो?" मी म्हटलं. "परीक्षाच दिली नाही अजून."